घामाचे मोल कोणी ठरवावे?

बाजारात भाव पडला तर ऐपतदार शेतकऱ्याला आपली ज्वारी चार महिने कणगीत ठेवता येते. व्यापाऱ्याला कापडाचे गठ्ठे गुदामात ठेवता येतात. मजुराला मात्र आपला दिवस कोठेही ठेवता येत नाही. आज न विकला गेलेला दिवस उद्या विकावयास उरत नाही, आणि पोट तर आजच मागते. किमान वेतनाच्या साऱ्या वादाचे मूळ या एका गोष्टीत आहे. एक पक्ष म्हणतो की, दोन शहाणी माणसे राजीखुशीने मजुरीचा दर ठरवीत असतील तर सरकारने मध्ये पडण्याचे कारण काय? दुसरा पक्ष विचारतो की, ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची पंचाईत आहे त्याच्या राजीखुशीला अर्थ तो काय?

या वादाचा इतिहास पाहण्यासाठी आम्ही इंग्लंडकडे वळणार आहोत. तेथे हा वाद दोनशे वर्षे चालला. त्यातील प्रत्येक बाजू तेथे केवळ बोलली गेली नाही, तर अनुभवून पाहिली गेली. शिवाय आपल्या देशातील १९४८ च्या किमान वेतन कायद्याची घडण बरीचशी तेथल्या कायद्यावरून घेतलेली आहे. तेव्हा ही परक्या घरची कहाणी असली तरी तिचा धागा आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो.

कमाल वेतनाचे कायदे

सरकारने मजुरीत हात घालू नये, हा विचार फार जुना आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. १३४८-४९ च्या महामारीने इंग्लंडमध्ये माणसे इतकी मेली की मजूर मिळेनासे झाले व मजुरी वाढू लागली. तेव्हा पार्लमेंटने १३५१ साली कायदा केला; पण तो मजुराच्या संरक्षणाचा नव्हता. महामारीपूर्वीच्या दरापेक्षा अधिक मजुरी मागणे हाच त्या कायद्याने गुन्हा ठरविला. पुढे १५६३ च्या कायद्याने मजुरीचे दर बांधण्याचा अधिकार स्थानिक न्यायाधिकाऱ्यांना दिला आणि हे न्यायाधिकारी बहुधा जमीनदारच असत. म्हणजे मजुराने किती घ्यावे हे मजूर लावणाराच ठरवीत असे. राज्यसत्ता मजुरीत शेकडो वर्षे हात घालीत होती. फक्त तो हात वरून दाबणारा होता, खालून आधार देणारा नव्हता.

१७९५ साली फ्रान्सशी युद्ध चालू होते, पीक बुडाले होते आणि पावाची किंमत गगनाला भिडली होती. त्या वर्षाच्या अखेरीस सॅम्युएल व्हिटब्रेड या सभासदाने कॉमन्स सभेत एक विधेयक आणले: न्यायाधिकाऱ्यांना जसा कमाल दर ठरविता येतो तसा शेतमजुरांसाठी किमान दरही ठरविता यावा. मागणी साधी होती. पंतप्रधान पिट यांनी तिला विरोध केला. मजुरीला आपली पातळी आपणच शोधू द्यावी, हा त्यांच्या भाषणाचा आशय होता. विधेयक पडले. कमाल दराच्या वेळी जी सत्ता समर्थ होती ती किमान दराची गोष्ट निघताच हतबल झाली.

त्याच वर्षी बर्कशायर परगण्यातील स्पीनहॅमलँड येथे न्यायाधिकाऱ्यांनी दुसरी तोड काढली. पावाच्या किमतीवर एक तक्ता बांधला. मोठा पाव एक शिलिंगाला मिळत असेल तर मजुराला आठवड्यास तीन शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग मिळावे. मजुरी त्याहून कमी भरली तर उरलेली रक्कम गावाच्या गरीब-निधीतून द्यावी. यात दयाबुद्धी होती यात शंका नाही. पण परिणाम काय झाला? कमी पडेल ते गाव भरून देणार हे दिसताच मजुरी वाढविण्याची मालकाला गरज उरली नाही. मजुराच्या नावाने निघालेला पैसा अशा रीतीने मालकाच्या पदरात पडण्याची वाट मोकळी झाली. १८३४ साली नव्या कायद्याने ही पद्धत मोडली, पण तिने शिकविलेला धडा पुढे शंभर वर्षांनी उपयोगी पडला.

१८०८ साली हातमाग विणकरांनी किमान दराची मागणी पार्लमेंटपुढे नेली. ती फेटाळली गेली तेव्हा मँचेस्टरला हजारो विणकर जमले. त्यांच्यावर सैन्य घालण्यात आले व एक विणकर गोळीने मारला गेला. १८१३ साली १५६३ च्या कायद्यातील मजुरीची कलमेच रद्द करण्यात आली. आता कमालही नाही आणि किमानही नाही. बाजार हाच न्यायाधीश.

घामाचे धंदे

पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत कुशल कारागिरांनी आपल्या संघटना उभारल्या आणि मालकाशी बरोबरीने बोलण्याची ताकद मिळविली. पण या संघटनांच्या सावलीबाहेर एक मोठा वर्ग राहिला. घरी बसून शर्ट शिवणाऱ्या, आगपेट्यांची खोकी चिकटविणाऱ्या, लेस काढणाऱ्या बायका; पूर्व लंडनच्या कोंदट खोल्यांत शिवणकाम करणारे परदेशी निर्वासित. यांच्या कामाला इंग्रजीत जे नाव पडले त्याचा सरळ अर्थ 'घाम काढून घेणे' असा आहे. १८८८ साली लॉर्ड्स सभेने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. बिअ‍ॅट्रिस पॉटर ही सुखवस्तू घरची तरुणी त्याच सुमारास पूर्व लंडनमध्ये वेष पालटून विजारी शिवावयास बसली होती. तिची साक्ष समितीने घेतली. १८९० च्या अहवालात समितीने मान्य केले की या धंद्यांतील मजुरी जीव जगविण्यापुरतीही जेमतेम होती. पण उपाय सुचविण्याची वेळ येताच समितीचे शब्द मंदावले.

हीच बिअ‍ॅट्रिस पुढे सिडनी वेब यांची पत्नी झाली आणि दोघांनी १८९७ साली 'इंडस्ट्रियल डेमॉक्रसी' हा ग्रंथ लिहिला. 'राष्ट्रीय किमान' ही कल्पना या ग्रंथाने रूढ केली. वेब दांपत्याचा युक्तिवाद दयेचा नव्हता, हिशेबाचा होता. जो धंदा कामगाराला पोट भरेल इतकेही देत नाही तो स्वतःच्या पायावर उभा नाही. त्या कामगाराचे उरलेले पोट कोणीतरी भरतच असते: नवऱ्याची मिळकत, बापाची मिळकत, धर्मादाय किंवा सरकारी दवाखाना. म्हणजे असा धंदा बांडगुळासारखा बाकीच्या समाजावर जगतो. स्पीनहॅमलँडचा धडा येथे तत्त्वाच्या रूपाने मांडला गेला. स्वस्त शर्टाची खरी किंमत दुकानात दिसत नाही. ती दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी वसूल होत असते.

मग 'पोट भरेल इतके' म्हणजे किती, हा प्रश्न आला. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील घराघरांची पाहणी करून १९०१ साली उत्तर दिले: नवरा, बायको व तीन मुले यांना केवळ शरीर धड राखण्यासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेनी हवेत. (त्या काळी बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई.) या हिशेबात वर्तमानपत्र नाही, टपालाचे तिकीट नाही, मुलासाठी खेळणे नाही. तरीही यॉर्कच्या लोकसंख्येपैकी सुमारे २८ टक्के माणसे दारिद्र्यात आढळली.

शहाण्यांचे ग्रंथ शहाणे वाचतात. लोकमत जागे व्हावयास डोळ्यांना दिसावे लागते. १९०६ साली 'डेली न्यूज' या वृत्तपत्राने लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एक निराळेच प्रदर्शन भरविले. तेथे वस्तू नव्हे, तर त्या बनविणारी माणसे बसविली होती. बघणाऱ्याच्या समोर बाई आगपेटीची खोकी चिकटवीत होती आणि शेजारी तिचा दर लिहिला होता: १४४ खोक्यांना सुमारे सव्वादोन पेनी. खळ व दोरा तिचाच. सुमारे तीस हजार लोक हे पाहून गेले. त्याच वर्षी अशा मजुरीविरुद्ध एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला.

१९०९ चा कायदा

दूरच्या वसाहतींनी या बाबतीत वाट दाखविली होती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने १८९६ साली काही धंद्यांसाठी वेतन मंडळे नेमली होती. १९०७ साली तेथील न्यायमूर्ती हिगिन्स यांनी एका शेतीयंत्रांच्या कारखान्याच्या खटल्यात अकुशल मजुराला दिवसाला सात शिलिंग हा न्याय्य दर ठरविला आणि तो ठरविताना मालकाचा नफा नव्हे, तर मजुराच्या कुटुंबाची गरज पाहिली.

इंग्लंडमध्ये १९०९ साली व्यापारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ट्रेड बोर्ड्स विधेयक मांडले. पुढे साम्राज्यवादी म्हणून आपल्या देशात अप्रिय झालेल्या या माणसाची ती कामगिरी मोलाची होती. त्यांचा मुद्दा असा: जेथे दोन्ही बाजू सारख्या बळाच्या आहेत तेथे सौदा होऊ द्या, पण जेथे एका बाजूस संघटनाच नाही तेथे चांगल्या मालकाला वाईट मालक खाली ओढतो आणि वाईटाला त्याहून वाईट. आरंभी फक्त चार धंदे घेतले: तयार कपड्यांचे शिवणकाम, कागदी खोकी, यंत्रावरील लेसची अखेरची सफाई आणि साखळ्या घडविणे. सारे मिळून सुमारे दोन लाख कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. प्रत्येक धंद्यास एक मंडळ; त्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने आणि शिवाय काही तटस्थ सभासद. मंडळाने दर ठरवावा आणि त्याखाली मजुरी देणाऱ्यास दंड व्हावा.

कायदा झाला. पण कायदा होणे आणि मजुरी हातात पडणे यांत किती अंतर असते, हे पुढच्याच वर्षी दिसले. ते अंतर हाच आमच्या विषयाचा गाभा आहे.

क्रॅडली हीथच्या बायका

इंग्लंडच्या मध्यभागी, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस, कोळसा आणि लोखंड यांनी काळवंडलेला एक मुलूख आहे. तेथील क्रॅडली हीथ हे गाव साखळ्यांसाठी प्रसिद्ध होते. जहाजांच्या जाड साखळ्या पुरुष कारखान्यात घडवीत. शेतीच्या व घोड्यांच्या कामाच्या बारीक साखळ्या बायका आपल्या घरामागच्या छपरात घडवीत. तेथे एक भट्टी, एक भाता, एक ऐरण. लोखंडाची कांब तापवावयाची, तोडावयाची, वाकवून आधीच्या कडीत ओवावयाची, आणि हातोड्याने ठोकून सांधा बुजवावयाचा. अशा हजारो कड्या. मुले तेथेच भट्टीच्या आसपास वाढत. लोखंड दलालाकडून यावयाचे आणि तयार साखळी दलालाकडेच जावयाची. आठवड्याला पन्नासाहून अधिक तास राबून हाती पाच-सहा शिलिंग पडत. राउंट्रीच्या २१ शिलिंग ८ पेनींशी ही रक्कम ताडून पाहावी.

साखळी मंडळाने १९१० साली स्त्रियांसाठी ताशी अडीच पेनी हा किमान दर ठरविला. ५४ तासांच्या आठवड्यास ११ शिलिंग ३ पेनी होतात, म्हणजे मिळकत जवळजवळ दुप्पट. कायद्यात मात्र एक फट होती. दर जाहीर झाल्यावर तो सक्तीचा होईपर्यंत सहा महिने जावयाचे होते आणि तेवढ्या मुदतीत कामगाराने लेखी संमती दिल्यास कमी दराने काम करून घेता येत असे. मालकांनी व दलालांनी कागद पुढे केले. पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हते. त्यांनी आंगठे उठविले, खुणा केल्या आणि आपला नवा हक्क आपल्याच हाताने सोडून दिला. राजीखुशीचा सौदा तो हाच.

येथे मेरी मॅकआर्थर या स्त्रीचे नाव घेतले पाहिजे. १९०६ साली तिने स्त्री-कामगारांचा राष्ट्रीय संघ स्थापन केला होता. ती क्रॅडली हीथला आली, सभा भरविल्या, कागदांचा अर्थ समजावून सांगितला आणि नवा दर मिळाल्याखेरीज काम करावयाचे नाही असे ठरले. ऑगस्ट १९१० मध्ये मालकांनी काम देणे बंद केले. सुमारे आठशे बायका घरी बसल्या. त्यांत पेशन्स राउंड ही ७९ वर्षांची म्हातारी होती. तिचे सारे आयुष्य ऐरणीपाशी गेले होते. मॅकआर्थरने वृत्तपत्रांना बोलाविले, नव्याने निघालेल्या चित्रपट-वृत्तांताच्या कॅमेऱ्यापुढे या बायका उभ्या केल्या. देशभरातून वर्गणी आली. ती चार हजार पौंडांच्या घरात गेली.

मोठ्या कारखानदारांचा संघ नवा दर देण्यास तयार झाला, पण त्याने एक अट घातली. संघाबाहेरच्या लहान मालकांकडे कमी दराने काम करण्यास ज्या बायका नकार देतील त्यांना युनियनने पोसावे, म्हणजे स्वस्त मालाची स्पर्धा थांबेल. या अटीत मोठे सत्य आहे. चांगल्या मालकालाही कायदा पाळावयाचा तर दुसरा तो मोडणार नाही याची हमी हवी असते, आणि ती हमी सरकारचा निरीक्षक नव्हे, तर संघटित कामगारच देऊ शकतो. दहा आठवड्यांनी, २२ ऑक्टोबर १९१० रोजी, शेवटच्या मालकाने सही केली. उरलेल्या वर्गणीतून गावात कामगारांसाठी सभागृह बांधले गेले व १९१२ साली ते उघडले. पुढे ते पाडण्याची वेळ आली तेव्हा ती इमारत विटेविटेने उचलून जवळच्या संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आली.

येथे कोणी म्हणेल की लढा जर बायकांनीच जिंकला, तर कायदा हवा कशाला? आमचे उत्तर असे की, कायद्यापूर्वीही या बायका तितक्याच उपाशी होत्या. परंतु त्यांच्या मागणीला आकडा नव्हता. 'आम्हांस जास्त द्या' ही याचना होती; 'आम्हांस अडीच पेनी द्या, तो आमचा दर आहे' हा हक्क झाला. कायद्याने त्यांना बोलण्यास शब्द दिला आणि संघटनेने त्या शब्दाला वजन दिले. यांतील एक वगळले असते तर दुसरे निरुपयोगी ठरले असते.

संघटनांची शंका

किमान वेतनाला फक्त मालकांनीच विरोध केला, असे समजणे चुकीचे होईल. मजूर पक्षाचे पुढारी रॅम्से मॅकडोनाल्ड व त्यांच्या पत्नी मार्गारेट यांना वेतन मंडळे पसंत नव्हती. घरकामाच्या धंद्यांना परवाना लावावा असे त्यांचे मत होते. कामगार संघटनांचा मोठा भाग कित्येक दशके राष्ट्रीय किमान वेतनाकडे संशयाने पाही. त्यांच्या शंका तीन होत्या. किमान म्हणून जो दर ठरेल तोच मालक कमाल समजून बसतील. दर सरकारच देत असेल तर कामगार संघटनेची वर्गणी कशाला भरील? आणि सरकारने दिलेले सरकार काढूनही घेऊ शकते.

तिसरी शंका खोटी नव्हती. युद्धकाळातील मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी १९४५ साली ट्रेड बोर्डांचे रूपांतर वेतन परिषदांत करून त्यांचा पाया रुंदावला होता. पण १९८६ साली २१ वर्षांखालील कामगार त्यांच्या कक्षेतून वगळले गेले आणि १९९३ साली उरलेल्या २६ परिषदा रद्दच झाल्या. दुकाने, उपाहारगृहे, केशकर्तनालये अशा ठिकाणच्या सुमारे २५ लाख कामगारांच्या पायांखालची फळी निघाली. चर्चिल यांनी बांधलेली इमारत चर्चिल यांच्याच पक्षाने मोडली.

मग संघटनांचे मत पालटले कसे? कारखाने बंद पडत होते, संघटनांचे सभासद घटत होते, आणि रुग्णालयातील सफाई करणाऱ्या व शाळांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती. सार्वजनिक नोकरांच्या संघटनेतील अ‍ॅलन फिशर आणि त्यांच्यामागून रॉडनी बिकरस्टाफ यांनी या बायकांची बाजू वर्षानुवर्षे लावून धरली. केवळ वाटाघाटीच्या बळावर तळच्या कामगाराला वर काढता येत नाही, हे १९८० नंतरच्या दशकात बाकीच्यांनाही पटले.

अर्थशास्त्र्यांचा आक्षेप आणि १९९९

आता अर्थशास्त्राच्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो हेटाळून टाकण्याजोगा नाही. वस्तू महागली की तिचा खप घटतो. मग मजुरी महागली की नोकऱ्या घटणार नाहीत काय? आणि घटल्या तर पहिला बळी तोच दुबळा कामगार ठरेल ज्याच्यासाठी हा खटाटोप आहे. १९९२ च्या निवडणुकीच्या काळात किमान वेतनामुळे वीस लाखांपर्यंत नोकऱ्या जातील असे भाकीत सत्ताधारी पक्षाच्या मंत्र्याने केले होते.

याला अनुभवाने उत्तर मिळू लागले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान दर ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केला; शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड व अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या ४१० उपाहारगृहांची तुलना केली आणि १९९४ साली दाखविले की न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्या नव्हत्या. यावर पुष्कळ वाद झाला. पण 'मजुरी वाढली की नोकरी जाणारच' हे वाक्य त्यानंतर सिद्धांत म्हणून उच्चारणे कठीण झाले. कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याचा अर्थ दर कितीही वाढवावा असा मात्र नव्हे. मालकाची बाजू वरचढ असल्यामुळे मजुरी जेथे दाबली गेली आहे तेथे ती वर उचलण्यास जागा असते; त्या जागेला मर्यादा असते आणि ती मोजूनमापूनच ठरवावी लागते.

१९९७ साली मजूर पक्ष अधिकारावर आला. त्याने कमी वेतनाच्या प्रश्नासाठी जॉर्ज बेन यांच्या अध्यक्षतेखाली नऊ जणांचा आयोग नेमला: तिघे कामगार संघटनांतले, तिघे उद्योगांतले, तिघे तटस्थ. १९०९ च्या मंडळाचीच ही बांधणी होती, फक्त आता ती साऱ्या राष्ट्रासाठी एक होती. १९९८ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९९९ पासून २२ वर्षांवरील कामगारास ताशी ३ पौंड ६० पेन्स हा दर सुरू झाला. दहा लाखांहून अधिक लोकांची मजुरी वाढली; भाकीत केलेली बेकारी आली नाही. २००० साली विरोधी पक्षानेही हा कायदा मान्य केला आणि २०१६ साली त्याच पक्षाच्या अर्थमंत्र्याने दर आणखी चढविला. एप्रिल २०२५ मध्ये तो ताशी १२ पौंड २१ पेन्स झाला.

तरीही गोष्ट येथे संपत नाही. २०२० साली लेस्टर शहरातील कपड्यांच्या कारखान्यांत कायदेशीर दराच्या निम्म्याहूनही कमी मजुरी दिली जात असल्याच्या बातम्यांनी इंग्लंड हादरले. १९०९ च्या यादीतला पहिलाच धंदा शिवणकामाचा होता, हे येथे आठवावे. दर होता, आयोग होता, दंड होता. जे कामगाराच्या पाठीशी हवे तेच नव्हते.

मुंबईचा पैसा, लंडनचा अभ्यास

क्रॅडली हीथच्या लढ्यानंतर साखळीच्या धंद्यात काय झाले, याचा अभ्यास आर. एच. टॉनी या इतिहासकाराने करून १९१४ साली प्रसिद्ध केला. धंदा बुडाला नव्हता आणि बायकांची मिळकत वाढली होती. टॉनी यांचा जन्म कलकत्त्याचा. आणि हा अभ्यास ज्या संस्थेने केला ती लंडनमधील संस्था मुंबईच्या सर रतन टाटा यांच्या देणगीवर चालत होती. इंग्लंडच्या गरिबीचे मोजमाप मुंबईच्या पैशाने व्हावे, हा इतिहासातील एक मौजेचा योग आहे.

१९२९ साली हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी आलेल्या शाही आयोगाचे अध्यक्ष जे. एच. व्हिटली यांनीच पूर्वी इंग्लंडमध्ये ट्रेड बोर्डांचा विस्तार सुचविला होता. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे सभासद होते. १९३१ च्या अहवालाने विडी, कातडी कमाविणे अशा असंघटित धंद्यांत दर ठरविण्याची यंत्रणा असावी काय, हे तपासण्याची शिफारस केली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, ११ एप्रिल १९४६ रोजी, मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतन विधेयक मांडले. स्वतंत्र भारतात ते मार्च १९४८ मध्ये कायदा झाले. परिशिष्टात धंद्यांची यादी, त्यात विडी, भातगिरण्या, खडी फोडणे, शेतमजुरी. समितीवर मालक व मजूर सारखे आणि काही तटस्थ. क्रॅडली हीथचा आराखडा आपल्या कायद्यात स्पष्ट दिसतो.

किमान म्हणजे किती, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. जुलै १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने मोजपट्टी दिली: एका मिळवत्यामागे तीन माणसांचे अन्न, प्रत्येकी २७०० कॅलरी, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिव्यासाठी एकूण वेतनाचा पाचवा भाग. ज्या उद्योगाला किमान वेतनही देणे परवडत नाही त्याला जगण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही याच काळात म्हटले. वेब दांपत्याचे बांडगूळ येथे न्यायालयाच्या भाषेत बोलले.

परंतु दर लिहिणे आणि दर मिळणे यांतील अंतर आपल्याकडे अधिकच रुंद. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांसाठी स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांचा दर रोज ९ रुपये २५ पैसे होता. मुकादम त्यातला एक रुपया कापून घेत. राजधानीत, सरकारी कामावर. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही घटनेने निषिद्ध केलेली वेठच आहे. केंद्र सरकारने १९९६ साली देशभरासाठी ३५ रुपये असा तळाचा दर सुचविला, २०१७ साली तो १७६ रुपयांवर आणला. पण तो पाळणे राज्यांवर बंधनकारक नव्हते. २०१९ च्या वेतन संहितेने तळाच्या दराला कायद्याचे बळ दिले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली.

सोलापूरला किंवा सिन्नरला घरी बसून विड्या वळणारी बाई ही क्रॅडली हीथच्या साखळीवालीची सख्खी बहीण आहे. तिचाही पाला-तंबाखू दुसऱ्याकडून येतो आणि माल दुसऱ्याकडे जातो. तिच्याही हजार विड्यांतून काही खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, आणि त्या मोजणारा ती नसते. दर वाढला की विड्या बाद होण्याचे प्रमाण वाढविता येते. कायद्याला ही चोरी सहसा दिसत नाही. शेजारी उभ्या राहिलेल्या दहा बायकांना दिसते.

आणि हा प्रश्न कारखान्यापुरताच आहे असेही नव्हे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी काम थांबविले आणि आपली संघटना उभी केली. १९४८ च्या परिशिष्टात धुण्याभांड्यांचे काम नव्हते. त्यांना कोणी दर लिहून दिलेला नव्हता. त्या दिवसांत शहरातील पांढरपेशा घरांना प्रथमच कळले की आपणही कोणाचे तरी मालक आहोत. मजुरीचा प्रश्न निघाला की आपण गिरणीमालकाकडे बोट दाखवितो. स्वतःच्या स्वयंपाकघरातील सौदा मात्र राजीखुशीचा समजतो. व्हिटब्रेड यांना उत्तर देताना पिट यांनीही तसेच समजले होते.

घामाचे मोल बाजाराने ठरवावे, सरकारने ठरवावे, की संघटनेने? दोनशे वर्षांचा हा इतिहास आम्हांस असे सांगतो की, बाजारावर सोपविले तर दुबळ्याचे मोल त्याच्या भुकेवरून ठरते. सरकारवर सोपविले तर मोल कागदावर ठरते. ते मोल हातात पडावयाचे असेल तर ज्याचा घाम त्याला एकटे राहून चालत नाही, आणि ज्यांच्यासाठी तो गाळला जातो त्या आपणासही तटस्थ राहून चालत नाही.